जुनी मारुती ८००: नवी बॅटरी टाकली तरी नुसतं 'टक' करते, सुरूच नाही होऊन राहिली

राळेगावचा_पोरगा (सोमवार, रात्री ९:१०)

राजेहो, गाडीतलं समजते अशा माणसांनी जरा वाचा. लंबं लिहून राहिलो पण सगळं एकदाच सांगतो.

आमच्या घरी १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. बाबांनी सेकंडहँड घेतली होती, ते गेले त्याले तीन वर्षं झाले, तवापासून मीच चालवतो. जूनमध्ये पेरणी लागली तेव्हा टिनाच्या शेडमध्ये उभी केली ते तशीच, यंदा आमचा पांदण रस्ता असा चिखलानं भरला का ट्रॅक्टरबी फसे. आता दिवाळी झाली, कापूस वेचणं सुरू आहे, त्याची गंजी त्याच शेडमध्ये आहे, रस्ता सुकला, म्हणून काढायले गेलो तं चाबी फिरवली का नुसतं 'टक'. इंजिन फिरतच नाही. लाइटबी एकदम मंद झाले होते.

तालुक्याहून मिस्त्री आणला, तो म्हणे बॅटरी गेली. पाच वर्षं जुनी होतीच म्हणून नवी ३५ एएचची टाकली, साडेतीन हजार गेले. तरी 'टक'च. आता मिस्त्री म्हणते सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) गेला, नवा टाकायचा तं चार हजार, जुना भरून द्यायचा तं दोन. पैशे द्यायले ना नाही, पण बॅटरीचेबी असेच अंदाजानं गेले ना.

घाई याची आहे का मायच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पुढच्या सोमवारी यवतमाळले तपासणीले बोलावलं आहे. मोटरसायकलवर धूळ लागते म्हणून डॉक्टरनं नाही म्हटलं, अन् आमच्या गावात एसटीची एकच फेरी. तं सोमवारच्या आत काही करता येते का ते सांगा.

वायरमन_पुलगाव (सोमवार, ९:३५)

भाऊ, सेल्फ काढू नका अजून. एक गोष्ट पाहून सांगा फक्त. रात्रीच्या अंधारात गाडी भिंतीसमोर आहे तशीच ठेवून हेडलाइट लावा, अन् दुसऱ्या कोणाले तरी चाबी मारायले सांगा. नवी बॅटरी असताना 'टक' होते त्या टायमाले उजेड मंद होते का तसाच राहते? याच्यावरच सगळं आहे. घरात मल्टिमीटर असलं तर अजून चांगलं.

कमांडरवाला (सोमवार, १०:०२)

आमच्या पुसदकडे तं कमांडर असो का मारुती, सेल्फ अडकला का खालून हातोडीचा दांडा हळू मारतात दोन-तीन वेळा, लागते गाडी. करून पाहा. अन् आमच्या जीपचं असं होते का जास्त दिवस उभी राहिली का डिझेल लाइनमध्ये हवा घुसते, मग फीड पंपाचा हँड प्रायमर मारून मारून हवा काढा लागते, मग एका झटक्यात उठते. तुमच्यातबी हवा घुसली असंल.

जुना_फिटर (सोमवार, १०:२०)

कमांडरवाले भाऊ, हातोडीचा उपाय खोटा नाही. सेल्फच्या आतले कार्बन ब्रश झिजले की ते आर्मेचरला नीट टेकत नाहीत, दांडा मारला की जागचे हलतात आणि एखाददोन वेळा काम होते. पण तो उपाय सेल्फ खराब आहे हे ठरल्यावरचा. अजून ते ठरायचं आहे. आणि हवेचं म्हणाल तर आधी इंजिन फिरलं पाहिजे, फिरूनही सुरू झालं नाही तर पेट्रोलचा विचार. ज्या पायरीवर गाडी अडली आहे त्या पायरीचंच पाहावं. मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, एवढंच शिकलो.

राळेगावच्या भाऊ, वायरमन साहेबांनी विचारलं ते पाहाच. माझाही एक प्रश्न आहे. दोन-चार वेळा सलग सेल्फ मारून झाल्यावर बोनेट उघडून अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि चोकची केबल हातानं चाचपा. गरम लागतात का? जपून हात लावा, चटका बसू शकतो.

राळेगावचा_पोरगा (मंगळवार, सकाळी ७:१५)

रात्रीच पाह्यलं. पुतण्याले चाबीवर बसवलं. हेडलाइट बिलकुल मंद नाही होत! जसाचा तसा उजेड. जुनी बॅटरी होती तेव्हा मात्र दिव्यासारखा पिवळा होत होता.

अन् फिटर काका, तुमाले कसं समजलं? चोकची केबल एवढी गरम होती का हात मागे घेतला. मिस्त्री आला होता तवाबी जळल्यासारखा वास आला होता, त्याले वाटलं सेल्फचा वास आहे.

पुतण्या आयटीआयले इलेक्ट्रिकल करते, त्याच्यापाशी मीटर आहे. आता काय मोजू ते सांगा.

अकोल्याची_ताई (मंगळवार, ८:०५)

केबल गरम झाली म्हणजे गाडीनं स्वतःच सांगितलं कुठे दुखते ते. मी सविस्तर लिहिते कारण हे एकदा डोक्यात बसलं की कोणत्याही गाडीला चालते. माझ्या वडलांचं गॅरेज होतं अकोल्यात, लहानपणापासून मी त्यांच्या हातात मीटरच पाहिला.

शेतातल्या मोटरीचं उदाहरण घ्या. डीपीवर पूर्ण करंट आहे, मोटरही चांगली आहे, पण मधे केबलचा एक जोड सडला आहे. टेस्टर लावला की दिवा लागते, व्होल्टेज बरोबर दिसते, अन् मोटर चालू केली की नुसती गुरगुरते. का? कारण टेस्टरला करंट लागते चिमूटभर, तेवढं सडक्या जोडातूनही जाते. मोटर मागते परातभर, तिथे जोड हात टेकते. गाडीत सगळ्यात जास्त करंट सेल्फच खातो, छोट्या मारुतीचाही शंभर अँपिअरच्या आसपास जातो. हेडलाइट त्या मानानं काहीच नाही.

आता तुमचे हेडलाइट मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरीवर ओझं पडलंच नाही. सेल्फ जाम असता किंवा आतून शॉर्ट असता तर त्यानं बॅटरी ओढली असती अन् उजेड पडला असता. ओझं पडलं नाही म्हणजे करंट सेल्फपर्यंत पोचत नाही, नाहीतर पोचून परत येत नाही. परतीचा रस्ता म्हणजे अर्थ. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असते, त्याला बॉडीशी जोडणारी जाड केबल खराब झाली की करंट मिळेल त्या वाटेनं परत यायला पाहते, चोकच्या तारेतून, अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून. त्या बारीक तारा तापतात. फिटर काकांनी तेच विचारलं.

मोजायचं असं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढा. कोणी चाबी मारत असताना प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदात आकडा पाहून घ्यायचा, जास्त ताणायचं नाही.

पहिलं, चाबी न मारता बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. १२.६ च्या जवळ पाहिजे. १२.२ दिसलं तर अर्धीच भरली समजा.

दुसरं, त्याच दोन खुंट्यांवर पण चाबी मारताना. चांगल्या गाडीत १० च्या आसपास उतरते, साडेनऊच्या खाली गेलं नाही पाहिजे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, केबलच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच. लाल तार इंजिनाच्या एखाद्या घासून चकचकीत केलेल्या बोल्टवर. चाबी मारताना आकडा पाहा. अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे, चांगली केबल असली तर ०.२ च दाखवते.

मग लाल तार बॉडीच्या बोल्टवर ठेवून तेच परत. चारही आकडे इथे लिहा.

पुण्यात_अमरावतीकर (मंगळवार, ९:४०)

मी गावाकडचाच आहे म्हणून मनापासून सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. सत्तावीस वर्षांची गाडी आहे. आज बॅटरी, उद्या सेल्फ, परवा कार्बोरेटर. आईला घेऊन रस्त्यात बंद पडली तर काय कराल? लाखाच्या आत बरी सेकंडहँड गाडी मिळते. आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीचं पासिंगचं काय?

राळेगावचा_पोरगा (मंगळवार, १:२०)

दादा तुमचं चुकीचं नाही. पण यंदा बोंडं सडली पावसानं, लाख रुपये कुठून आणू? पासिंग २०१३ ले, २०१८ ले, २०२३ ले, तिन्ही वेळा केलं आहे फिटनेस दाखवून, आता २०२८ पर्यंत आहे, ग्रीन टॅक्सबी भरला आहे. बाबा दर रविवारी फडकं घेऊन पुसत होते तिले. घरची गाडी आहे, जमते तोवर चालवीन.

ताई, आकडे घ्या.
चाबी न मारता बॅटरीवर १२.६८.
चाबी मारताना बॅटरीवर १२.३.
चाबी मारताना निगेटिव्ह खुंटी ते बॉडी ०.०५.
चाबी मारताना निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ७.९!

पुतण्या म्हणे मीटर बिघडला असंल, म्हणून तीन वेळा मोजलं. पावणेआठ ते आठच्या मधातच येते.

वायरमन_पुलगाव (मंगळवार, १:४५)

झालं, सापडलं. बारा व्होल्टातले आठ व्होल्ट त्या अर्थच्या केबलमध्येच मरून राहिले, सेल्फले उरले चार. सेल्फचा सॉलिनॉइड (करंट जोडणारा चुंबकी स्विच) तेवढ्यावर 'टक' करू शकते, मोटर नाही फिरवू शकत. मिस्त्रीनं सेल्फ बदलला असता तरी 'टक'च झालं असतं. चार हजार वाचले भाऊ तुमचे.

निगेटिव्ह खुंटीपासून दोन केबल निघतात पाहा, एक बारीक बॉडीले अन् एक जाड खाली गिअरबॉक्सले. बॉडीवाली चांगली आहे, ०.०५ म्हणजे उत्तम. जाडवाली गेली.

नवीन आणायच्या आधी खात्री करून घ्या. ट्रॅक्टरची जंपर केबल असंल घरी. तिचा एक चिमटा निगेटिव्ह खुंटीवर, दुसरा इंजिनाच्या चांगल्या लोखंडाले, पेंट नसलेल्या जागी. मारा चाबी.

राळेगावचा_पोरगा (मंगळवार, ५:५०)

फिरलं!!! एकदम गरगर फिरलं इंजिन, मायबी बाहेर आली आवाज ऐकून.

मग ती जाड केबल काढली. वरून पाह्यलं तं काळं रबर एकदम साजरं, काही कळत नाही. पण गिअरबॉक्सच्या टोकाले जो तांब्याचा लग दाबलेला असते तिथलं रबर ब्लेडनं कापलं तं आत निरा हिरवा भुगा. तारा हातानंच तुटल्या, पाच-सहाच शिल्लक होत्या. बोल्टच्या जागी चिखल अन् गंज. पांदणातलं पाणी खालून उडते ते सगळं तिथंच बसते.

वेल्डिंगवाल्याकडून वेल्डिंगच्या केबलचा दीड हात तुकडा घेतला, त्यानंच दोन्ही टोकाले लग दाबून दिले, दोनशे ऐंशी रुपये. गिअरबॉक्सची जागा सँडपेपरनं चांगली घासली, बोल्ट कसला, वरून व्हॅसलिन लावलं. आता खुंटी ते इंजिन ०.१५ दाखवते. बॅटरीवर चाबी मारताना १०.४.

पण... इंजिन फिरते, सुरू होत नाही. चोक पूर्ण ओढून पाह्यला, चोक आत करून पाह्यला. धुराचा वासबी नाही. आता?

जुना_फिटर (मंगळवार, ७:३०)

केबलचं काम चांगलं केलंत. वेल्डिंगची केबल तांब्याची आणि बारीक तारांची असते, लवचिक असते, इंजिनाच्या हादऱ्यानं तुटत नाही. फक्त सायलेन्सरच्या पाइपाला टेकणार नाही असं बांधा.

आता दुसरी पायरी. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल, हवा, आणि त्या वेळेवर लागतात. आपण आधी ठिणगी पाहू, कारण पैसे न लागता पाच मिनिटांत दिसते.

एक प्लग काढा. प्लगचं टोक पाहा, ओलं आहे की कोरडं, ते मला सांगा. मग तोच प्लग त्याच्या वायरच्या टोपीत घालून प्लगचं लोखंड इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवा, हातानं धरू नका, रबर मुठीच्या पक्कडीनं धरा. बाकीच्या प्लगच्या वायरी जागेवर असू द्या. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको, कोणी विडी पेटवलेली नको. चाबी मारायला सांगा. निळी, जाड, 'टच टच' आवाज करणारी ठिणगी पाहिजे. पिवळी आणि बारीक असली तर डेल्कोच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) टोपीत ओल किंवा कार्बन आहे, टोपी उघडून कोरड्या फडक्यानं पुसा.

वायरी काढण्याआधी खुणा करून ठेवा. या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा क्रम १-३-२ आहे, वायर इकडची तिकडे झाली तर नवीनच दुखणं मागे लागेल.

आणि एअर फिल्टर उघडून पाहाच. पाच महिने उभी होती आणि शेजारी कापूस आहे म्हणता.

राळेगावचा_पोरगा (बुधवार, सकाळी ८:४०)

काका, एअर फिल्टरचा डबा उघडला तं आत उंदरानं घर केलं होतं! अर्धा डबा कापूस, सरकी, अन् सीटचा फोम. गंजीतून नेऊन नेऊन भरला. पेपरचा फिल्टरबी कुरतडला. बरं पिलं नव्हती. सगळं साफ केलं, नवा फिल्टर दीडशेचा आणला. वायरीबी सगळ्या हात फिरवून पाह्यल्या, एकच हॉर्नची कुरतडली होती, तिले टेप मारला.

प्लग कोरडा ठणठणीत. ठिणगी निळी, मस्त 'टच टच' येते, तिन्ही प्लगले पाह्यली.

तरी सुरू नाही.

अकोल्याची_ताई (बुधवार, ९:१५)

ठिणगी आहे, हवा मोकळी झाली, अन् एवढे सेल्फ मारून प्लग कोरडा. म्हणजे पेट्रोल येत नाही. टाकीत किती आहे? काट्यावर जाऊ नका, उभ्या गाडीचा काटा अडकतो.

पक्कं करायला औषधाच्या दुकानातली ५ मिलीची सिरिंज घ्या. त्यात पेट्रोल, तेवढंच, कार्बोरेटरच्या तोंडात सोडा. मग एअर फिल्टरचं झाकण परत लावा अन् मगच चाबी मारा. उघड्या कार्बोरेटरवर कधीच सेल्फ मारायचा नाही, इंजिन उलटं फुसकारलं तर ज्वाळा वर येते, माझ्या वडलांच्या भुवया एकदा तशाच जळाल्या होत्या. पेट्रोलची बाटली दहा फूट लांब ठेवा.

दोन-तीन सेकंद चालून बंद पडली तर आपलं निदान बरोबर.

कमांडरवाला (बुधवार, ९:५०)

मारुतीच्या कार्बोरेटरवर एक छोटा सॉलिनॉइड असते ना, पेट्रोलची वाट उघडझाप करणारा, चाबी ऑन केली का 'टिक' करते, तो गेला तरी पेट्रोल बंद होते. माझ्या साळ्याच्या ओम्नीचं तसंच झालतं. ओम्नीचं अन् ८०० चं इंजिन तं एकच आहे, ७९६ सीसी.

जुना_फिटर (बुधवार, १०:३०)

हे बरोबर सांगितलंत. तो सॉलिनॉइड मुख्यतः आयडलचा (रेस न देता इंजिन चालण्याचा) रस्ता बंद करतो, म्हणजे तो गेला तर गाडी रेस दिल्यावर भुरभुर करून लागते आणि पाय काढला की बंद पडते. इथे तर अजिबात भुरभुर नाही. तरी चाबी ऑन-ऑफ करून कान देऊन ऐका, फुकटची तपासणी आहे.

राळेगावचा_पोरगा (बुधवार, १२:१०)

सॉलिनॉइड 'टिक' करते, चांगला आहे.

सिरिंजनं सोडलं, झाकण लावलं, चाबी मारली अन् गाडी लागली! तीन-चार सेकंद चालली अन् गेली. परत सोडलं, परत तसंच. पाच महिन्यानं तिचा आवाज ऐकला.

टाकीत काडी घालून पाह्यलं, सात-आठ लिटर आहे. म्हणजे टाकीत आहे अन् कार्बोरेटरपर्यंत येत नाही. पंप गेला का? स्पेअरवाला पंपाचे बाराशे म्हणते.

वायरमन_पुलगाव (बुधवार, १२:२५)

थांबा, पंप नका आणू. बॅटरीचं झालं तेच पंपाचं होईन.

जुना_फिटर (बुधवार, १:१५)

थांबाच. या गाडीचा पंप विजेचा नाही, इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला आहे, कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो, आतला पडदा वरखाली होतो आणि पेट्रोल ओढलं जातं. ओढणारा पंप म्हटला की त्याला एकच गोष्ट मारते, ती म्हणजे हवा. आपण स्ट्रॉनं नारळपाणी पितो, स्ट्रॉला वरच्या बाजूला भोक असलं तर कितीही ओढा, हवाच येते. कमांडरवाले भाऊ पहिल्या दिवशी हवेचं म्हणाले ते पायरी चुकून म्हणाले, पण या पायरीवर ते खरं ठरू शकतं. फरक असा की डिझेलमध्ये घुसलेली हवा काढावी लागते, इथे हवा जिथून घुसते ते भोक बुजवलं की पंप आपोआप ओढतो.

दोन तपासण्या करा. उघड्यावर करा, शेडमध्ये नाही, कापसाच्या गंजीजवळ तर मुळीच नाही. गाडी ढकलून अंगणात आणा. रेतीची बादली जवळ ठेवा. इग्निशन कॉइलची वायर काढून टाका म्हणजे ठिणगी पडणार नाही.

पहिली, कार्बोरेटरला येणारी नळी काढून तिचं टोक काचेच्या बाटलीत घाला. दहा सेकंद सेल्फ मारा. पंप चांगला असला तर गाईच्या धारेसारखं थांबून थांबून पेट्रोल पडतं. काही आलं नाही तर दुसरी.

दुसरी, पंपाकडे टाकीकडून येणारी नळी पंपावरून काढा. तिच्या जागी नवा हातभर पाइप लावा आणि त्याचं दुसरं टोक पेट्रोलच्या बाटलीत बुडवा. बाटली पक्की बांधा, सांडता कामा नये. आता परत सेल्फ. या वेळी पेट्रोल आलं तर पंप निर्दोष आणि दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये. या वेळीही आलं नाही तरच पंप आणा.

दहा सेकंदांवर एकदम सेल्फ मारू नका, मधे अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर चांगला सेल्फ जाळाल.

राळेगावचा_पोरगा (बुधवार, ६:३५)

पहिल्या तपासणीत एक थेंब नाही आला. दुसऱ्या तपासणीत चार-पाच फेऱ्यातच धार सुरू झाली, काका बोलले तशीच, थांबून थांबून!! म्हणजे पंप चांगला आहे!

मग खाली घुसलो टॉर्च घेऊन. टाकीच्या जवळ लोखंडी लाइन संपून रबराची नळी जिथं लागते, तिथं क्लिपच्या बाजूले नळी फुगून नरम झाली होती, दाबली तं बोटाले काळं लागते. वाकवली तं आडव्या चिरा. खाली पेट्रोल गळत नव्हतं म्हणून कोणाले समजलंच नसतं.

नळी फुगते कायनं? ऊन तं शेडमध्ये नव्हतं.

अकोल्याची_ताई (बुधवार, ७:२०)

चिरा वयानं पडल्या, फुगली बहुतेक पेट्रोलनं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आपल्याकडे ई२० फेब्रुवारी २०२३ पासून विकायला लागलं अन् २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेच झालं. १९९८ च्या गाडीचं रबर काही या पेट्रोलसाठी बनलं नव्हतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग अन् गॅस्केट बदलावे लागू शकतात हे सरकारनंही म्हटलं आहे. मी ई२० ला नावं ठेवत नाही, आपल्याकडचा ऊस-मका त्यात जाते. पण जुनी गाडी ठेवायची असंल तर एकदा सगळ्या नळ्या बदलून घ्याव्या, हे माझं ठाम मत आहे.

दुसरं, इथेनॉल पाणी ओढते. पाच महिने, त्यातही पूर्ण पावसाळा, अर्धी रिकामी टाकी. पाणी जास्त झालं की इथेनॉल अन् पाणी मिळून खाली बसते, पेट्रोल वर राहते. टाकीतलं थोडं काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. दोन थर दिसले तर सगळं काढून फेका, शेतात नाही, विहिरीजवळ तर नाहीच.

नळी आणताना जुना तुकडा सोबत न्या, आतलं भोक जुळलं पाहिजे. फवारणी पंपाची किंवा पाण्याची नळी लावू नका, आठ दिवसात विरघळते. फ्युएल होज म्हणूनच मागा. वर 'एसएई जे३० आर९' छापलेली भेटली तर उत्तम, ती इथेनॉलला टिकते. तालुक्याला भेटली नाही तर यवतमाळला किंवा वर्ध्याला भेटंल. अन् क्लिपा नव्या घ्या, तारेनं बांधू नका.

पुण्यात_अमरावतीकर (बुधवार, ९:००)

धागा सकाळपासून वाचतोय. काल मी जे लिहिलं ते घाईनं लिहिलं. नळी कुठे मिळाली नाही तर मला सांगा, पुण्यात मोठी दुकानं आहेत, मी उद्याच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतो. शुक्रवारी सकाळी यवतमाळात पोचंल.

राळेगावचा_पोरगा (शुक्रवार, ८:१०)

अमरावतीकर दादा, तुमी म्हटलं तेवढ्यानंच जीव भरला, पण यवतमाळात भेटली. आर९ छापलेलीच. टाकीपासून पंपापर्यंत अन् पंपापासून कार्बोरेटरपर्यंत रबराचे सगळे तुकडे बदलले, रिटर्नचेबी, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारे. सप्लायवर लाल टेप अन् रिटर्नवर पांढरा लावून मगच काढले, नाहीतं गडबडलो असतो. फिल्टरबी नवा टाकला. नळी, क्लिपा, फिल्टर मिळून सहाशे चाळीस.

बाटलीत थर नाही दिसला, पण जुन्या पेट्रोलले तारपीनसारखा वास होता, म्हणून सगळं काढून टाकलं, ताजं पाच लिटर भरलं.

काल संध्याकाळी चोक ओढला, चाबी मारली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, लाइन भरत होती. तिसऱ्यांदा लागली अन् लागलीच. वीस मिनिटं चालू ठेवली, चोक हळूहळू आत केला, आयडल बसलं. चालू गाडीत बॅटरीवर १४.१ दाखवते, म्हणजे चार्जिंग चांगली आहे ना?

वायरमन_पुलगाव (शुक्रवार, ८:२५)

एकदम चांगली. १३.८ ते १४.४ च्या मधात पाहिजे. सगळे लाइट लावून परत पाहा, १३.५ च्या खाली नाही गेलं म्हणजे अल्टरनेटर मस्त.

लांब न्यायच्या आधी टायरची हवा अन् ब्रेक पाहा. पाच महिने उभ्या गाडीचे ड्रम गंजून चिकटतात, गावातच दोन चकरा मारून ब्रेक दाबून पाहा.

राळेगावचा_पोरगा (सोमवार, रात्री ८:३०)

जाऊन आलो राजेहो. सकाळी सातले निघालो, माय समोरच्या सीटवर, काळा चष्मा लावून, काच बंद. डॉक्टर म्हणे डोळा चांगला आहे, एक महिना थेंब टाका. येताना कळंबले थांबलो, चिंतामणीचं दर्शन केलं, खाली कुंडापर्यंत मायले हात धरून नेलं. परत गाडीत बसलो, चाबी मारली, अर्ध्या फेरीत लागली. माय बोलली, बाबा असते तं अशीच लागली असती.

मिस्त्रीकडेबी थांबलो रस्त्यात. हिरवा झालेला लग अन् फुगलेली नळी दोन्ही दाखवले. त्यानं नळी हातात घेऊन वाकवून वाकवून पाह्यली, अन् ७.९ चा आकडा कसा काढला ते विचारून घेतलं, मीटर कुठं टेकवला ते बोटानं दाखवायले लावलं. चांगला माणूस आहे, त्याच्याकडे मीटर नव्हता एवढंच.

सेल्फचे चार हजार अन् पंपाचे बाराशे वाचले. जुनी बॅटरी चार्जिंग करून पाह्यली तं १२.५ वर बसली, दोन दिवसानंबी १२.४५ आहे. तिले फवारणी पंपाले लावतो.

जुना_फिटर (सोमवार, ९:०५)

आईंचा डोळा बरा आहे वाचून फार बरं वाटलं.

दोन कामं राहिलीत. नवी रबरी नळी पहिल्या काही दिवसांत बसते, क्लिपा थोड्या सैल होतात. दोनेकशे किलोमीटर झाले की थंड गाडीत प्रत्येक जोडाला बोट लावा, ओलं लागलं तर क्लिप अर्धा आटा कसा. आणि शेडमधली गंजी विकली जाईपर्यंत दर आठ दिवसांनी एअर फिल्टरचं झाकण उघडून पाहा, उंदीर त्याच जागी परत येतो.